माहूरची वाट आणि आठ माणसांची गाडी

नागपूरच्या महालांत ज्यांचीं जुनीं घरें आहेत त्यांना घर आणि गल्ली यांचें नातें समजावून सांगावयास नको. घरांत आठ माणसें सुखानें राहतात. परंतु दारांत एक गाडी उभी करावयाची म्हटली कीं शेजाऱ्याची सोय, दूधवाल्याची सायकल आणि समोरच्या ओट्याखालीं निजलेलें कुत्रें या सर्वांचा विचार करावा लागतो. अशा आमच्या गल्लींत २०११ सालीं वडिलांनीं घेतलेली डिझेलची गाडी अद्याप उभी आहे. वडील आतां नाहींत. गाडी आहे, परंतु खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते, व पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. ती मुदत जवळ येऊं लागली आणि घरांत मतभेदास तोंड फुटलें.

आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांतील सर्वजण दादा म्हणतात, त्यांचें मत असें कीं वडिलांची वस्तु चालते आहे तोंवर चालवावी. धाकट्या बंधूंचें मत अगदीं उलट. त्यांचें म्हणणें, मोठी गाडी वर्षांतून चार वेळां भरते आणि उरलेले दिवस एका माणसाला घेऊन हिंडते. त्यापेक्षां विजेवर चालणाऱ्या लहान गाड्या दोन घ्याव्या. ज्याला जेव्हां जावयाचें तेव्हां त्यानें जावें. यांत चूक कोणती, हें सांगणें आम्हांसही सोपें नव्हतें. मातोश्री मात्र या वादांत एक शब्दही बोलल्या नाहींत. त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून जुन्या गाडीची उंच पायरी त्यांना चढवत नव्हती, आणि त्यामुळें तीन वर्षांत माहूरला कुलस्वामिनीच्या दर्शनास त्यांचें जाणें झालें नव्हतें. हें त्या कोणाला बोलून दाखवीत नसत. आम्ही सर्व जाणून होतों.

अशा वेळीं धंतोलींतील आमच्या मावसबंधूंनीं नवी गाडी घेतली, आणि “दोन दिवस घेऊन जा, मावशीला माहूर घडवून आणा, मग काय तें ठरवा,” असें म्हणून किल्ली दादांच्या हातावर ठेविली. ही गाडी म्हणजे टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, आठ आसनांची, हायब्रीड जातीची. गेल्या मार्गशीर्षांत, दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही आठही जण तिच्यांतून जाऊन आलों. त्या प्रवासाची व त्या गाडीविषयींच्या आमच्या मताची ही हकीकत आहे. ज्या घरांत हाच प्रश्न उभा असेल त्यांना ती उपयोगी पडावी.

प्रथम या गाडीचें कुळ सांगितलें पाहिजे, कारण त्यांत महाराष्ट्राचाही वांटा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें. पुढें लोखंडी नांगर केले, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. तिकडे जपानांत टोयोडा घराण्यानें मागाचीं यंत्रें करतां करतां १९३७ सालीं मोटारींची कंपनी स्थापिली. एक घराणें नांगरापासून निघालेलें, दुसरें मागापासून; त्या दोहोंची गांठ १९९७ सालीं पडली आणि बंगळूरजवळ बिडदी येथें कारखाना उभा राहिला. तेथून २००० सालीं क्वालिस निघाली, २००५ सालीं इनोव्हा, २०१६ सालीं क्रिस्टा, आणि २५ नोव्हेंबर २०२२ रोजीं हायक्रॉस लोकांपुढें आली. त्यानंतर चारच दिवसांनीं, २९ नोव्हेंबरला, या कंपनीचे उपाध्यक्ष व किर्लोस्करांच्या चौथ्या पिढींतील विक्रम किर्लोस्कर निवर्तले. आतां याच कंपनीचा नवा कारखाना छत्रपती संभाजीनगर येथें व्हावयाचा असून, त्याचा करार महाराष्ट्र सरकारशीं ३१ जुलै २०२४ रोजीं झाला आहे.

नांव तेंच राहिलें तरी गाडी मात्र मुळापासून बदलली आहे. जुनी इनोव्हा म्हणजे खालीं पोलादी चौकट, तीवर बसविलेला सांगाडा, डिझेलचें एंजिन आणि ओढ मागच्या चाकांस. रचना मालमोटारीचीच, बैठक तेवढी माणसांची. नवींत वेगळी चौकट नाहीं. सर्व सांगाडा एकसंध आहे. ओढ पुढच्या चाकांस आहे. डिझेल अजीबात नाहीं. दोन लिटरांचें पेट्रोल एंजिन आणि त्याच्या जोडीस विजेची मोटर आहे. लांबी सुमारें साडेपंधरा फूट, रुंदी सहा फुटांहून किंचित् अधिक. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर जुन्या क्रिस्टापेक्षां १०० मिलिमीटरांनीं वाढवून २८५० केलें आहे, आणि हीं चार बोटें मागें बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना लाभलीं आहेत.

हायब्रीड म्हणजे काय, हें आमच्या वहिनींनीं पुतणीला विचारलें तेव्हां तिनें जात्याचा दाखला दिला. जातें एकीनेंही ओढतां येतें, दोघींनींही ओढतां येतें. गाडी हलूं लागते तेव्हां विजेची मोटर एकटी ओढते. चढ आला, वेग हवा झाला, कीं एंजिन येऊन खुंट्याला हात लावतें. आणि ब्रेक दाबला कीं तीच मोटर उलट काम करून वीज निर्माण करते व ती बॅटरींत सांठविते. एरवीं ब्रेकच्या घर्षणानें जी शक्ति नुसती उष्णता होऊन वांया जाते, तिच्यांतील कांहीं भाग येथें परत मिळतो. काटकसरी गृहिणी रात्रीच्या उरल्या भाताला सकाळीं फोडणी देते, तशांतलाच हा प्रकार. ही बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड जातीची असते आणि तिला घरीं तार लावून वीज पुरवावी लागत नाहीं. परंतु यांतच एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं ही विजेची गाडी नव्हे. जी वीज ती वापरते ती अखेर पेट्रोलांतूनच आलेली असते. या जातीची घाऊक प्रमाणावर बनलेली पहिली गाडी, प्रिअस, जपानांत १९९७ च्या डिसेंबरांतच विक्रीस आली होती. म्हणजे कल्पना जुनी आहे, आमच्या दारीं ती उशीरा आली एवढेंच.

पहांटे पांच वाजतां गाडी आमच्या गल्लींतून निघाली. जुनी गाडी निघाली म्हणजे सारी आळी जागी होत असे. ही निघाली तेव्हां कुत्र्यानेंही मान वर केली नाहीं. मातोश्री पुढें बसल्या. त्या स्वतः चढल्या; दाराची कड एका हातानें धरली, दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर ठेविला आणि बसल्या. कोणी कांहीं बोललें नाहीं, परंतु दादांनीं दुसरीकडे तोंड फिरविलें हें आम्हीं पाहिलें. धाकटे बंधु चालवावयास, मधल्या ओळींत दादा, वहिनी व धाकट्या सूनबाई, आणि अगदीं मागें आम्ही उभयतां व पुतणी, अशी व्यवस्था झाली.

वर्धा रस्त्यावर खालीं रस्ता, मध्यें उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी तिहेरी वाहतूक एकाच खांबांच्या रांगेवर चालते. बाहेरगांवचे पाहुणे हें पाहून थक्क होतात, आणि नागपूरकर त्यांना तें अभिमानानें दाखवितात. बुटीबोरीपाशीं मालमोटारींची रांग लागलेली होती व आम्ही थांबलों. एंजिन आपोआप निमालें. गाडींत इतकी शांतता पसरली कीं मातोश्रींनीं घाबरून विचारलें,

“अरे, बंद पडली कां गाडी?”

“नाहीं आई, चालूच आहे.”

“चालू आहे तर बोलत कां नाहीं?”

सर्वजण हंसले. परंतु त्या प्रश्नांत या यंत्राचा मुख्य गुण आला आहे. शहरांतील थांबत थांबत जाण्यांत जुन्या गाडीचें इंधन उभ्या उभ्या जळतें. येथें तें जळत नाहीं. पुढें चार पावलें सरकावयाचें तें विजेवर. सीताबर्डीच्या संध्याकाळच्या गर्दींत ज्याला रोज जावें लागतें त्याला याचें मोल अधिक कळेल.

बुटीबोरीहून वर्धेची वाट धरली म्हणजे दोहों बाजूंस कपाशीचीं शेतें लागतात. वेंचा चालला होता. बायका कमरेला ओटी बांधून सूर्योदयापूर्वींच शेतांत उतरल्या होत्या. तूर शेंगांनीं लवली होती. पवनारला धाम नदीच्या कांठीं विनोबांचा आश्रम आहे. मातोश्रींनीं गाडींतूनच हात जोडले. जवळच सेवाग्राम, जेथें १९३६ सालीं गांधीजी येऊन राहिले. त्या काळीं तेथें जाणें म्हणजे चिखल तुडवीत अथवा बैलगाडींतून जाणें. आज त्याच वाटेनें आम्ही थंड केलेल्या हवेंत बसून चाललों होतों, याची थोडी लाज वाटली असें लिहिलें तर वाचकांनीं हंसूं नये.

देवळी मागें पडली आणि वर्धा नदी आली. या नदीच्या अलीकडे नागपूर प्रांत आणि पलीकडे वऱ्हाड, ही जुनी शीव. पूल ओलांडला कीं माती अधिक काळी दिसते असें दादा दरवेळीं म्हणतात. याही वेळीं म्हणाले. कळंबला श्रीचिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्याशीं जावें लागतें. मातोश्री वरूनच नमस्कार करून म्हणाल्या, “उतरेन मी, पण आजचे गुडघे रेणुकेसाठीं ठेवले आहेत.”

यवतमाळला फराळासाठीं थांबलों, तेव्हां मागच्या ओळीचा अभिप्राय घेण्यांत आला. तो येथें प्रामाणिकपणें नोंदवितों. तिसऱ्या ओळींत तिघांना बसतां येतें व तिघांनाही खांद्यावरून येणारा पट्टा मिळतो, ही गोष्ट उत्तम. पुतणीला तेथें कांहींच अडचण झाली नाहीं. आम्हांला दोन तासांनंतर पाय मोकळे करावेसे वाटले. अशा कोणत्याही गाडींत शेवटची ओळ तरुणांची असावी, हा नियमच समजावा. दुसरें असें कीं आठही आसनें भरलीं म्हणजे सामानाला मागें जागा थोडी उरते. आम्हीं चार थैल्या, पाण्याचा एक तांब्या, पूजेचें तबक आणि शिदोरीचा डबा एवढेंच नेलें होतें, म्हणून भागलें. लग्नाला निघालेल्या मंडळींच्या पेट्या तिच्यांत मावतील अशी आशा कोणीं धरूं नये. आठ माणसें किंवा भरपूर सामान, यांतील एक निवडावें लागतें.

आर्णीच्या पुढें धनोडा, आणि तेथें पैनगंगेचा पूल. पूल ओलांडला कीं नांदेड जिल्हा. येथून माहूरचा घाट सुरू होतो. सागाचीं पानें गळूं लागलीं होतीं व डोंगर करड्या रंगाचे झाले होते. भरल्या गाडीनें घाट चढतांना एंजिनाचा आवाज प्रथमच स्पष्ट ऐकूं आला. जात्याला दोघींचे हात लागले होते. चढण्याची शक्ति पुरेपूर आहे. उतरतांना बॅटरी भरत जाते, तें समोरच्या पडद्यावर दिसतें, आणि चालविणाऱ्याला तें पाहण्याचा मोह होतो. घाटांत मात्र त्यानें रस्ताच पहावा.

गाडी पायथ्याशीं थांबली आणि पुढें पायऱ्या होत्या. येथें सर्व यंत्रें सारखीं. आठ आसनें असोत कीं दोन, रेणुकेच्या पायऱ्या ज्याच्या त्याला पायांनींच चढाव्या लागतात. मातोश्री दहा पायऱ्या चढत आणि बसत. पुन्हां दहा चढत. एका बाजूस दादा, दुसऱ्या बाजूस धाकटे बंधु. वाद घालणारे दोघेही. वर पोंचावयास पाऊण तास लागला. कुटलेल्या विड्याचा प्रसाद मिळाला, तो त्यांनीं पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाल्या, “आतां दत्तशिखर खालूनच पाहीन.” त्यांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांनीं जें समाधान दिसलें, त्याची किंमत कोणत्या कोष्टकांत मांडावी हें आम्हांस ठाऊक नाहीं. मुक्काम माहूरलाच केला व दुसऱ्या दिवशीं परत निघालों.

परततांना वेगाची गोष्ट निघाली. हा रस्ता आतां चौपदरी झाला असून मोकळा मिळतो. परंतु गाडीचा आवाज होत नाहीं म्हणून वेग जाणवत नाहीं, ही या नव्या गाड्यांची एक छुपी खोड आहे. जुनी गाडी ताशीं ९० किलोमीटरांवर गेली कीं स्वतःच तक्रार करी. नागपूरकरांना हें अधिक सांगावयास हवें, कारण आपल्या गांवाहून मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पुरा खुला झाला आहे आणि त्यावर मोटारींना ताशीं १२० ची मुभा आहे. १ जुलै २०२३ च्या पहांटे याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेली बस उलटून पेटली व पंचवीस माणसें गेलीं. रस्ता सरळ, गाडी शांत आणि चालविणारा पेंगुळलेला, हा योग टाळावा. हायक्रॉसला २०२५ सालीं भारत एनकॅपच्या आघात-परीक्षेंत पांच तारे मिळाले आहेत. परंतु तारे पट्टा बांधणाऱ्यासाठीं आहेत, हें मागच्या ओळींत बसणारांनींही विसरूं नये.

आतां हिशेब. निघतांना टाकी कांठोकांठ भरली होती. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हां भरली. ४५२ किलोमीटरांस साडेसव्वीस लिटर पेट्रोल लागलें, म्हणजे लिटरास सुमारें १७ किलोमीटर. सरकारी परीक्षेंतला आंकडा २३.२४ आहे. परीक्षा आणि आठ माणसें, हवा थंड ठेवण्याचें यंत्र व घाट यांत अंतर पडणारच. शिवाय मोकळ्या रस्त्यावर ब्रेक क्वचित् लागतो, म्हणून परत मिळणारी शक्तिही थोडीच. आमची जुनी गाडी याच वाटेवर ११ च्या पुढें कधीं गेली नाहीं.

पुतणीनें त्याच रात्रीं वहीचें एक पान भरलें. तिचें गणित असें: याच गाडीचा बिनाहायब्रीड पेट्रोलचा प्रकारही मिळतो व त्याचा परीक्षेंतला आंकडा सुमारें १६ आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तर एका गाडीला ७५० लिटर, दुसरीला सुमारें ५२२. बचत २२८ लिटरांची. लिटरास १०५ रुपये धरल्यास वर्षाला सुमारें चोवीस हजार रुपये वांचतात. दोन प्रकारांच्या किंमतींतील तफावत पांच लाखांची धरली तरी ती भरून निघावयास एकवीस वर्षें लागतील. “तोंपर्यंत माझीं मुलें शाळेंत जातील, काका,” असें म्हणून तिनें वही मिटली. त्यांतच करांची गोष्ट आहे. या गाडीवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत एकूण ४३ टक्के कर होता, तो दुसऱ्या दिवसापासून ४० झाला. विजेच्या गाडीवर मात्र पांचच टक्के. धाकट्या बंधूंचा पक्ष येथें बळकट आहे, हें मान्य केलें पाहिजे. फक्त आमच्या गल्लींत दोन गाड्या उभ्या कोठें करावयाच्या आणि त्यांना वीज कोणत्या खिडकींतून द्यावयाची, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें.

पुढची एक शक्यताही नमूद करावी. नागपूरचे खासदार व केंद्रीय रस्तेवाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीं २९ ऑगस्ट २०२३ रोजीं दिल्लींत याच हायक्रॉसचा इथेनॉलवर चालणारा नमुना लोकांना दाखविला. तशी गाडी बाजारांत आली तर कदाचित् हीं सर्व गणितें पुन्हां मांडावीं लागतील.

वही मिटली गेल्यावर मातोश्री प्रथमच बोलल्या. “मला यांतलें काय कळतें? जुनी ठेवा, नवी घ्या, नाहींतर भाड्यानें आणा. पण दोन घेऊं नका. दोन झाल्या कीं एकीला उशीर होतो, मग एक पुढें निघून जाते. आणि पुढें गेलेली मागचीची वाट कांहीं दिवस पाहते, मग पाहीनाशी होते.” धाकटे बंधु बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरें आई, दोन नाहीं घेत.”

तेव्हां आमचें मत असें आहे. इंधनाच्या बचतीसाठीं म्हणून ही गाडी कोणीं घेऊं नये; ती बचत, मोठ्या शहरांत रोज पुष्कळ फिरणारास सोडून, इतरांना लवकर परत मिळत नाहीं. घरांत तीन-चारच माणसें असतील तर हिची गरज नाहीं. परंतु ज्या घरांत सात-आठ माणसें अद्याप एका चुलीवर जेवतात, आणि त्यांत गुडघे दुखणारें एक वडील माणूस आहे, त्यांनीं ती एकदां तरी पाहावी. चढावयास सोपी, बसावयास शांत आणि सर्वांना एका वेळीं नेणारी गाडी, एवढ्यासाठींच ती घ्यावयाची असेल तर घ्यावी, आणि त्यासाठीं कर्ज काढावें लागत असेल तर भाड्याची आणावी.

आम्हीं स्वतः काय केलें, असें वाचक विचारतील. पुतणीचा प्रवेश पुढच्या वर्षीं आहे. तिच्या शिक्षणाचा पैसा चाकांत घालावयाचा नाहीं, हें दादांनीं त्याच बैठकींत सांगितलें व तें सर्वांना पटलें. म्हणून वडिलांच्या गाडीची तपासणी करून तिची नोंदणी वाढवून घ्यावयाची, तिच्या दाराखालीं कारागिराकडून एक ठेंगणी पायरी बसवून घ्यावयाची, आणि दरवर्षीं मार्गशीर्षांत दोन दिवसांसाठीं आठ माणसांची गाडी भाड्यानें आणावयाची, असें ठरलें. पायरी बसलीही. परवां मातोश्री तीवरून चढून रामटेकला जाऊन आल्या. मावसबंधूंची किल्ली परत करावयास धाकटे बंधु गेले होते. परत आल्यावर आधीं त्यांनीं जुनी गाडी धुतली.